लाईट परत येते, पण खालच्या कॉम्प्युटरचं नेट येत नाही (बडोदे)

षड्ज_दांडियाबाजार
१८ जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार. मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते, वय ६१. शनिवार-रविवार संध्याकाळी साडेसातला कॉम्प्युटरवरून गाणं शिकवते. टोरांटोच्या दोघी बहिणी आहेत, तिकडे तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात. आज भूपाचा आरोह चालला होता, धाकटी गंधारावर आली आणि लाईट गेली. आठ मिनिटांत आली. पण कॉम्प्युटर सुरू केला तर कोपऱ्यात पिवळा त्रिकोण आणि ‘नो इंटरनेट’. पावणेनऊपर्यंत मी त्या त्रिकोणाकडे बघत बसले, मग मुलींच्या आईला फोन करून वर्ग रद्द केला. दिवाळीपासून हे तिसऱ्यांदा झालं. त्या मुली सुट्टीच्या दिवशी लवकर उठून, अंघोळ करून तंबोऱ्यासमोर बसतात, म्हणून मला ते फार लागतं.

घराची रचना सांगते, त्यावाचून काही कळायचं नाही. वाडा जुना आहे, भिंती विटा-चुन्याच्या, दीड हात जाड. फायबर समोरच्या खांबावरून गल्ली ओलांडून दुसऱ्या मजल्यावर येतं आणि कंपनीचा पांढरा डबा तिथे मुलाच्या खोलीत आहे. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी, प्रिंटर पण त्याच्याच खोलीत. कॉम्प्युटर मात्र खाली, ओसरीलगतच्या खोलीत, कारण पेटी आणि तंबोरे तिथे असतात. वरचं वायफाय खाली पोचत नाही. दिवाळीत भाचा आला होता, त्याने वरच्या डब्यापासून जिन्याच्या कडेकडेने लांब केबल खाली आणली आणि घरात पडून असलेला जुना, दोन दांड्यांचा राउटर खाली लावून दिला. कॉम्प्युटर त्या जुन्या राउटरला वायरने जोडलेला आहे. खाली फोनलाही वायफाय त्यातूनच मिळतं.

उत्तरायणापासून त्रास वाढला, म्हणून मी वहीत लिहायला लागले. जसंच्या तसं उतरवते.

१४ तारीख. दुपारी ४ ला लाईट गेली, ४.२० ला आली. नेट नाही. रात्री झोपेपर्यंत नाही. सकाळी उठून लावलं तर चालू.
१५, वासी उत्तरायण (पतंगांचा दुसरा दिवस). संध्याकाळी दोनदा लाईट गेली. नेट नाही. सकाळी चालू.
१६. लाईट गेली नाही. नेट दिवसभर चालू. दुपारी कंपनीचा माणूस आला, मशीन लावून बघितलं, ‘उणे १९ आहे, एकदम सरस’ म्हणाला आणि गेला.
१७. लाईट गेली नाही. वर्ग पूर्ण झाला. पण तंबोरा मध्येच गायब होतो असं मोठी म्हणाली.
१८. वर सांगितलं तेच.

डिसेंबरातही कंपनीचा एक माणूस येऊन गेला होता. तोही दुसऱ्या दिवशी दुपारी आला, आणि तेव्हाही नेट उत्तम चालू होतं. मी खोटं बोलतेय असं त्याला वाटलं असेल, या विचाराने मला संकोच झाला. फोनवर मात्र नेट कधी जात नाही, अगदी लाईट नसतानाही नाही. मग एकट्या कॉम्प्युटरलाच काय होतं? कॉम्प्युटर सात वर्षांचा आहे, विंडोज १०. नवीन घ्यायला लागेल का?


अगाशीवाला
१८ जानेवारी, रात्री ११.१५

ताई, मी नवापुऱ्याचा. उत्तरायणानंतर आठ दिवस आमच्या इथे निम्म्या घरांची हीच तक्रार असते. अगाशीवर जाऊन बघा, फायबरवर मांजा अडकलेला असणार. लोक खालून ओढतात, वायर ताणली जाते, आतली काच दुमडते. पांढऱ्या डब्यावर ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल असेल तर तेच.

पण एक हात जोडून सांगतो, मांजाला हात लावू नका. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी अजून मिळतो, आणि त्यावर काच किंवा धातूची भुकटी असते. तोच धागा पुढे विजेच्या तारेला टेकलेला असला तर झटका थेट हातात येईल. काढायचं काम लाईनमनचं.


फक्त_दोनमिनिटं
१८ जानेवारी, रात्री ११.३२

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सोय) बदलून बघा. ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका. नाहीतर विंडोज नव्याने टाका, सगळं साफ होईल.


आठ_तारा
१९ जानेवारी, सकाळी ७.०५

काकू, आधी विंडोजला हात लावू नका, आणि नवीन कॉम्प्युटरचा विचारही सध्या बाजूला ठेवा. मी मांजलपूरला राहतो, ऑफिसांची नेटवर्क सांभाळण्याचं काम करतो. रोज दहा तक्रारी ऐकतो, त्यात ‘कधीकधी चालत नाही’ यापलीकडे कोणी काही सांगत नाही. तुमच्या वहीत निम्मं उत्तर आहे. कॉम्प्युटर बिघडला असता तर त्याने लाईट जाण्याची वाट बघितली नसती. डीएनएस चुकीचं असतं तर ते सकाळी आपोआप बरं झालं नसतं.

फायबर पण सोडून द्या. उणे १९ म्हणजे चांगला प्रकाश पोचतोय, घरच्या फायबरला साधारण उणे २७ पर्यंत चालून जातं. अगाशीवाला दादांचं मांजाला हात न लावण्याचं सांगणं मात्र शंभर टक्के पाळा.

आता पुन्हा नेट जाईल तेव्हा, काही बंद-चालू करण्याआधी, तीन गोष्टी करा.

पहिली, खाली बसूनच फोनचा मोबाइल डेटा बंद करा, वायफाय चालू ठेवा, आणि एखादं पान उघडतं का बघा. ‘फोनचं नेट कधी जात नाही’ यावर माझा विश्वास बसत नाहीये. वायफायमध्ये नेट नसलं की फोन गुपचूप सिमकार्डाच्या नेटवर जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

दुसरी, कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, सीएमडी टाइप करून एंटर करा. काळी खिडकी उघडेल. त्यात आयपीकॉन्फिग, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ऑल, असं इंग्रजीत टाइप करून एंटर. ‘इथरनेट’ नावाखाली ज्या ओळी येतील त्यातल्या तीन वहीत लिहा: आयपीव्ही४ अॅड्रेस, डिफॉल्ट गेटवे, डीएचसीपी सर्व्हर. अॅड्रेस १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला कोणी पत्ताच दिलेला नाही, त्याने स्वतःच एक धरून ठेवलाय असा अर्थ. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर कोणीतरी दिलाय, मग कोणी दिला ते बघायचं.

तिसरी, नेट व्यवस्थित चालू असेल त्या दिवशी हेच पुन्हा करा. आजारी माणसाचा ताप कळायला त्याचं बरं असतानाचं तापमान माहीत लागतं ना, तसं.

आणि एक प्रश्न. वरून आलेली लांब केबल जुन्या राउटरच्या कोणत्या भोकात आहे? चार एका रंगाची असतात, एक वेगळ्या रंगाचं किंवा जरा बाजूला असतं.


तंबोरा_इंदूर
१९ जानेवारी, सकाळी ९.२०

ताई, मी इंदूरहून सतार शिकवतो, निम्मे विद्यार्थी परदेशी. तंबोरा गायब होण्याचा नेटशी काही संबंध नाही! दोन वर्षं मीही नेटलाच दोष देत होतो, कंपनी बदलली, महागडी योजना घेतली, काही फरक नाही.

व्हिडिओ कॉलच्या अॅपमध्ये गोंगाट गाळायची सोय असते, नॉइज सप्रेशन म्हणतात. पंखा, कूलर, एसी यांचा एकसारखा चालणारा आवाज ओळखून ती कापून टाकते. आता तंबोऱ्याचा आवाज कसा असतो? एकसारखाच. जोडीचे षड्ज आणि खर्ज अखंड चालू, चढ नाही उतार नाही. यंत्राला तो पंखाच वाटतो. तुम्ही गायला लागलात की तुमच्या आवाजाबरोबर थोडा येतो, तुम्ही थांबलात की तो कापला जातो. मुलींना नेमकं तेव्हाच सूर लावायचा असतो आणि आधाराला काही नसतं.

सेटिंग्जमध्ये ऑडिओ या पानावर जा. ‘ओरिजिनल साउंड’ किंवा ‘संगीतासाठी’ असं काही असेल तर चालू करा, गोंगाट गाळणं बंद किंवा सगळ्यात कमी करा. आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणारी खूण असते, तीही काढा, नाहीतर तुमची मींड सपाट होते. मग कॉल चालू असताना वरच्या कोपऱ्यात त्याचं बटण दिसतं, ते दरवेळी चालू आहे ना ते बघायचं. सगळ्यात उत्तम म्हणजे मुलींकडेच इलेक्ट्रॉनिक तंबोरा वाजू द्या, तुम्ही काळी पाचला (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावला असेल तर त्यांनीही काळी पाचलाच.

आणखी एक. त्यांना तुमच्याबरोबर एकत्र गायला सांगत असाल तर सोडून द्या. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. बडोदे ते टोरांटो सरळ रेषेत बारा हजारांच्या आसपास, वायरीचा रस्ता त्याहून लांबचा. तुमचा सा तिथे पोचून त्यांचा परत यायला निव्वळ प्रवासातच सेकंदाचा आठवा भाग तरी जातो, बाकीचा उशीर वेगळा. लय जमणारच नाही. तुम्ही म्हणायचं, थांबायचं, त्यांनी म्हणायचं. आपल्याकडे शिकवणं तसंही असंच असतं, त्यामुळे बिघडत काही नाही.


षड्ज_दांडियाबाजार
२१ जानेवारी, रात्री ९.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. आधी अगाशीचं सांगते. आमच्या ह्यांना घेऊन वर गेले. मांजा आहे, गुलाबी रंगाचा, फायबरवर तीन वेढे आणि खाली लोंबतोय. हात लावला नाही. लाईनमन आज येऊन काठीने काढून गेला. पण ‘लॉस’चा दिवा बंदच असतो, लाल नाही.

काल संध्याकाळी सव्वासहाला लाईट गेली. एरवी मला धस्स होतं, काल मी वही घेऊन तयार बसले. लाईट आली, कॉम्प्युटर लावला, पिवळा त्रिकोण. फोनचा मोबाइल डेटा बंद केला, आणि आठ_तारा, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. फोनवरही ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’. म्हणजे इतके दिवस मी फोनवर सिमचं नेट खर्च करत होते. तसाच फोन घेऊन वर मुलाच्या खोलीत गेले, तिथल्या वायफायला जोडला, तर नेट धडाधड.

काळ्या खिडकीतलं:
काल रात्री, नेट नसताना. अॅड्रेस १९२.१६८.०.१०२. गेटवे १९२.१६८.०.१. डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.०.१.
आज सकाळी, नेट असताना. अॅड्रेस १९२.१६८.१.३४. गेटवे १९२.१६८.१.१. डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.१.१.

तीनदा तपासून लिहिलंय. एका ठिकाणी शून्य आहे, एका ठिकाणी एक आहे. लांब केबल चार पिवळ्या भोकांपैकी पहिल्यात आहे, निळं भोक रिकामं. जुन्या राउटरच्या पोटाला चिठ्ठी आहे, तिच्यावर छापलंय १९२.१६८.०.१.


आठ_तारा
२१ जानेवारी, रात्री १०.३०

काकू, सापडलं. तुम्ही स्वतःच शोधलंत, मी फक्त अर्थ सांगतो.

तुमच्या घरात पत्ते वाटणारे दोन जण आहेत. नेटवर्कला जोडलेलं प्रत्येक यंत्र सुरू झालं की ओरडून विचारतं, ‘मला कोणी पत्ता देईल का?’ घरात याचं उत्तर एकानेच द्यायचं असतं. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. वरचा पांढरा डबा १९२.१६८.१ चे पत्ते देतो आणि सांगतो, ‘बाहेर जायचं तर माझ्या दारातून जा.’ हे दार म्हणजेच गेटवे. त्याच्या दाराबाहेर खरंच रस्ता आहे. जुना राउटर १९२.१६८.० चे पत्ते देतो आणि तोही म्हणतो, ‘माझ्या दारातून जा.’ पण त्याचं दार म्हणजे ते निळं भोक, आणि ते रिकामं आहे. कॉम्प्युटर भाबडेपणाने तिथे जाऊन उभा राहतो.

भाच्याचा हेतू आणि केबलची जागा दोन्ही बरोबर. त्याचं एकच राहिलं, जुन्या राउटरचं पत्ते वाटणं बंद करायचं.

आता लाईटचा संबंध. लाईट आली की जुना राउटर मिनिटभरात जागा होतो, त्याला करायचंच काय असतं! पांढऱ्या डब्याला जास्त वेळ लागतो. मधल्या वेळात तुम्ही कॉम्प्युटर लावता, तो पत्ता मागतो, जागा असलेला एकच जण उत्तर देतो. पत्ता ठरावीक मुदतीसाठी मिळतो, जुन्या राउटरांमध्ये ती बहुतेक दोन तासांची असते. कॉम्प्युटर चालू असेल तर निम्मी मुदत संपली की तो त्याच देणाऱ्याकडून ती वाढवून घेतो. म्हणून तुम्ही कितीही वाट बघा, रात्रभर नेट येत नाही. तुम्ही कॉम्प्युटर बंद करून झोपता, मुदत संपते, सकाळी तो नव्याने विचारतो, तेव्हा दोघंही जागे असतात, आणि बहुधा नवा डबा आधी उत्तर देतो. मग दुपारी कंपनीचा माणूस येतो आणि त्याला सगळं छान दिसतं. तुम्ही खोटं बोलत नव्हता, आणि तोही नव्हता.

मांजाचं पण खरंच आहे. तो फायबरवर अडकून काही झालं नाही, पण विजेच्या तारांत अडकून लाईट जात राहिली, आणि दिवाळीपासून दबा धरून बसलेला दोष रोज वर यायला लागला.

सोपा मार्ग म्हणजे केबल पिवळ्यातून काढून निळ्यात लावायची. नेट चालेल. पण मग खालचं आणि वरचं अशी दोन वेगळी नेटवर्क होतील आणि खालच्या कॉम्प्युटरवरून वरच्या प्रिंटरला कागद पाठवताना रोज नवी कटकट. म्हणून मी तो सांगणार नाही. थोडं जास्त काम आहे, पण एकदाच.

जुन्या राउटरमधून वरून आलेली लांब केबल काढा. आता कॉम्प्युटर आणि जुना राउटर दोघंच बोलतायत. कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करा. ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीत १९२.१६८.०.१ टाका, नाव आणि पासवर्ड मागेल, बहुतेक पोटाच्या चिठ्ठीवर असतो. आत गेल्यावर ‘लॅन’ नावाचं पान शोधा, तिथला पत्ता बदलून १९२.१६८.१.२५० करा, सेव्ह करा. राउटर स्वतः बंद होऊन चालू होईल. कॉम्प्युटरही बंद करून चालू करा. आता ब्राउझरमध्ये नवा पत्ता, १९२.१६८.१.२५०, टाकून पुन्हा आत जा. ‘डीएचसीपी’चं पान उघडा, डिसेबलवर खूण करा, सेव्ह, राउटर पुन्हा चालू. पत्ता आधी आणि डीएचसीपी नंतर, हा क्रम मोडू नका, नाहीतर तुम्ही दाराबाहेर आणि किल्ली आत.

यानंतर लांब केबल लावण्याआधी काळ्या खिडकीत पाहिलंत तर १६९.२५४ दिसेल. घाबरायचं नाही, आता घरात खाली पत्ते वाटणारा कोणी नाही याचीच ती खूण. मग लांब केबल परत पिवळ्या भोकात, कॉम्प्युटर एकदा बंद-चालू, आणि १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता मिळायला हवा.

२५० एवढ्यासाठी की वरचा डबा सहसा सुरुवातीच्या आकड्यांपासून वाटत येतो, घरात चार-पाच यंत्रं आहेत, तिथवर पोचणार नाही. वरच्या डब्याचं पान उघडता आलं तर त्याची वाटपाची शेवटची मर्यादा २०० करून टाका, म्हणजे शंकाच नको.


फक्त_दोनमिनिटं
२१ जानेवारी, रात्री १०.४८

बरोबर आहे. मी घाईत लिहिलं होतं. विंडोज टाकलं असतं तर दोन दिवस गेले असते आणि पुढच्या लाईटला पुन्हा तेच. काकू, त्या गोष्टीबद्दल माफ करा.


षड्ज_दांडियाबाजार
२५ जानेवारी, रात्री ९.१०

झालं! सविस्तर लिहिते, कारण माझ्यासारखं कोणीतरी उद्या हेच शोधत येईल.

शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर बसले. आमचे हे बाजूला चष्मा लावून तुमचं उत्तर मोठ्याने वाचत होते, मी करत होते. केबल काढताना तिची छोटी प्लास्टिकची जीभ दाबावी लागते हे माहीत नव्हतं, आधी ओढूनच बघितली. जीभ अर्धी तुटलेली होती, केबल नुसती टेकलेली होती. भाच्याला फोन केला, तो म्हणाला मावशी, तिथे नवीन डोकं बसवावं लागेल. गल्लीच्या तोंडाशी सीसीटीव्ही लावणारा मुलगा असतो, त्याला बोलावलं. त्याने जुनं डोकं कापलं, वरचं सालपट काढलं, आत आठ बारीक तारा, दोन-दोनच्या पिळाच्या. पिळ सोडून त्याने त्या बोटांनी सरळ केल्या आणि रांगेत लावल्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. निळ्याची जोडी हिरव्याच्या पोटात. मी विचारलं असंच का, तो म्हणाला दोन्ही टोकांना सारखं असलं पाहिजे, वरच्या टोकाला हेच आहे. मग एका रेषेत कापून पारदर्शक डोक्यात सरकवल्या आणि पकडीने दाबलं. कट् असा आवाज आला. आठ_तारा हे नाव तुम्ही का घेतलं ते मला तेव्हा कळलं.

राउटरचा पासवर्ड चिठ्ठीवरचा चालला नाही, भाच्याने बदललेला होता, पुन्हा त्याला फोन. तो फोनवरच गप्प झाला आणि म्हणाला, ‘मावशी, डीएचसीपी राहिलंच माझ्याकडून.’ त्याला म्हटलं, अरे तुझ्यामुळे तर खाली नेट आलं. मग पत्ता बदलला, पुन्हा आत गेले, डिसेबल केलं. काळ्या खिडकीत १६९.२५४ बघितलं आणि मला खरंच बरं वाटलं, कारण तुम्ही सांगितलेलं जसंच्या तसं समोर आलं. केबल लावली, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला: १९२.१६८.१.३४.

त्यानंतर आम्ही मुद्दाम मेन स्विच पाडला. पाच मिनिटं थांबून चढवला, लगेच कॉम्प्युटर लावला. आधी त्रिकोण दिसला, तेव्हा पोटात गोळा आला. पण वरच्या डब्याचे दिवे स्थिर झाले, आणि अजून थोडा वेळ गेला तसा त्रिकोण आपोआप गेला, मी कशालाही हात लावला नाही. संध्याकाळी पुन्हा करून पाहिलं, तसंच.

काल आणि आज दोन्ही वर्ग पूर्ण झाले. तंबोरा_इंदूर, तुमचं ‘ओरिजिनल साउंड’ सापडलं. आज मी नुसता तंबोरा छेडला आणि गप्प बसले. धाकटी डोळे मिटून ऐकत होती, मग तिने गंधार लावला, आणि तो बरोबर लागला. गेल्या चार महिन्यांत तिचा गंधार सारखा उतरायचा, मी तिला सारखं टोकत होते. तिला तंबोराच ऐकू येत नव्हता हे मला माहीत नव्हतं. वर्ग संपल्यावर मी तिला तसं सांगितलं, की बाळा, ती तुझी चूक नव्हती.

एक शेवटचं विचारते. आता लाईट गेली तरी दोन्ही डबे चालू राहतील असं काही छोटं मिळतं का? मग मी फोन लावून तरी वर्ग पुढे चालवीन. अडॅप्टरांवर छापलंय ते असं. वरचा: १२ व्होल्ट, १.५ अँपिअर. खालचा जुना: ९ व्होल्ट, ०.६ अँपिअर.


आठ_तारा
२५ जानेवारी, रात्री १०.०२

काकू, तो गंधाराचा भाग मी बायकोला वाचून दाखवला.

मिळतं, राउटरचा मिनी यूपीएस म्हणतात, हाताच्या पंजाएवढा असतो. पण तुमचे दोन डबे वेगवेगळ्या व्होल्टचे आहेत आणि वेगवेगळ्या मजल्यांवर, म्हणून दोन घ्या. वरच्यासाठी १२ व्होल्टचा, निदान १.५ अँपिअरचा, २ असला तर आणखी बरं, डबा लागेल तेवढाच करंट ओढतो. खालच्यासाठी ९ व्होल्ट देणारा. व्होल्ट मात्र तंतोतंत तेच हवेत. बारा व्होल्टची पिन जुन्या राउटरच्या भोकात बरोबर बसेल, म्हणून चुकून लावली जाते आणि राउटर जळतो. दोन्ही पिनांना रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा. दुकानात जाताना दोन्ही अडॅप्टर पिशवीत घेऊन जा, पिन बसते का ते तिथेच बघा, आणि लेबलावर अधिकची खूण मधल्या ठिपक्याशी जोडलेली आहे ना तेही दुकानदाराला दाखवा.

फायबरची काळजी नको. गल्लीतल्या पेटीत एका फायबरचे अनेक फाटे करणारा जो भाग असतो त्याला वीजच लागत नाही, त्यामुळे कंपनीच्या टोकाला वीज असेल तोवर तुमच्या घरी प्रकाश येत राहील. आधी वरचाच घ्या, तो जास्त महत्त्वाचा.